एका वाद्यवृंदाचे नामांतर

नाव पालटणे ही गोष्ट आपल्याकडे हलकी मानीत नाहीत. लग्नात मुलीचे आणि संन्यासात पुरुषाचे नाव पालटते, व दोन्ही प्रसंगी मागचे आयुष्य सरले असे समजावयाचे असते. मुंबईच्या एका रॉक वाद्यवृंदाने १९९३ साली ‘रॉक मशीन’ हे नाव टाकून ‘इंडस क्रीड’ हे धारण केले, त्या कृत्याकडे याच दृष्टीने पाहणे आम्हांस उचित वाटते.

हा वृंद १९८४ साली उभा राहिला. महेश तिनईकर यांची गिटार आरंभापासून त्यात होती. पुढे उदय बेनेगल हे मुख्य गायक झाले व झुबिन बालापोरिया यांचे कीबोर्ड त्यास लाभले. परकीयांची गाजलेली गाणी हुबेहूब म्हणून दाखवावी, एवढीच त्या काळी अशा वादकांकडून श्रोत्यांची अपेक्षा असे. ती मोडून या मंडळींनी स्वतः रचलेली गाणी पुढे आणली. १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ व १९९० साली ‘द सेकंड कमिंग’ हे त्यांचे दोन संग्रह निघाले. आमच्या विद्यार्थिदशेत वसतिगृहातून या कॅसेटी हातोहात फिरत. गाणी स्वतःची होती खरी. परंतु पेहराव अमेरिकेचा होता. गिटारींचा तो जोष, ती धावती लय, फार काय, तो बंडखोरपणाही उसना वाटे.

नव्या नावात यंत्राच्या जागी सिंधू आली आणि श्रद्धा आली. त्याच वर्षी ‘प्रीटी चाइल्ड’ या गीताच्या चित्रफितीस एम. टीव्हीचा आशियातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ च्या संग्रहात पूर्वीचा आवेश ओसरून रचना अधिक संयत झाली. तथापि तो काळ हिंदी पॉप गीतांच्या भरतीचा होता, आणि १९९७ साली वृंद विसर्जित झाला. २०१० साली तो पुन्हा जमला. २०१२ च्या ‘इव्हॉल्व्ह’ या संग्रहात वाद्यांना पूर्वीपेक्षा अधिक अवकाश असलेली प्रौढ रचना आढळते.

येथे इटलीतील एका वृंदाची आठवण होते. मिलान येथील ‘प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी’ने १९७२ साली मातृभाषेत आरंभ केला. बासरी, व्हायोलिन व गिटार यांच्या मेळातून त्याची शैली घडली होती. पुढल्याच वर्षी जगाच्या बाजारासाठी त्याने इंग्रज कवी पीट सिनफील्ड यांचे शब्द घेतले. परंतु १९७८ साली ‘पासपार्तू’मध्ये तो इटालियनकडे परतला. त्याला परतण्यासाठी घर होते. आमच्या मुंबईकरांचे घर कोठे?

त्यांनी मराठीत वा हिंदीत गावयास हवे होते, असे म्हणणे सोपे आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा कित्येक चाली इकडून तिकडून घेतल्या. परंतु शब्द लोकांच्या ओळखीचे होते, म्हणून ते रोप रुजले. चाल उसनी चालते, शब्द उसने चालत नाहीत, असा निष्कर्ष यावरून कोणी काढील. आम्हीही पुष्कळ वर्षे तो काढीत आलो.

परंतु ज्यांचे बालपण, मैत्री आणि भांडणे इंग्रजीतून झाली, त्यांना ती भाषा उसनी कशी म्हणावी? त्यांची मर्यादा एवढीच की तसे श्रोते देशात थोडे होते. ते ठाऊक असूनही त्यांनी दुसऱ्याचे गाणे म्हणण्याचे नाकारले. सांगवीस राहून पुण्याच्या वर्गांतून परक्या कवींचे काव्य शिकविण्यात आमची तीस वर्षे गेली. त्या भाषेत स्वतःची एक ओळ लिहिण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. त्या नामांतराची किंमत आम्हांस उशिरा कळली, ती यामुळेच.