साथीची वर्दी आणि तिचा खर्च

१८९६-९७ च्या प्लेगाविषयीं मराठींत जें लेखन झालें आहे, त्याचा रोख बहुधा पुण्याकडे असतो. रँडचा कारभार, घरांच्या झडत्या, २२ जून १८९७ ची रात्र, हा भाग वाचकांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याच वर्षाच्या आरंभीं, मुंबईच्या प्लेगाचाच विचार करण्यासाठीं, इटलींतील व्हेनिस येथें राष्ट्रांची एक परिषद भरली होती. आणि इकडे जें घडलें त्यांतील पुष्कळसा भाग त्या परिषदेवांचून उलगडत नाहीं. साथीविरुद्धच्या राष्ट्रांच्या सहकार्यांत पैसा कोणाचा व रक्षण कोणाचें, हा प्रश्न तपासण्यास हें प्रकरण फार उपयोगी आहे.

अशा परिषदांची परंपरा १८५१ पासूनची. त्या वर्षीं पॅरिस येथें बारा राष्ट्रांनीं प्रत्येकीं एक वैद्य व एक वकील (हा शब्द पेशवे-दप्तरांतील अर्थानें घ्यावा) धाडला. सहा महिने खल होऊन टिकाऊ असें कांहीं निष्पन्न झालें नाहीं. १८६५ सालीं हजयात्रेंतून पटकी युरोपांत पसरली, तेव्हां पुढील वर्षीं कॉन्स्टँटिनोपल येथें भरलेल्या परिषदेनें गंगेचें खोरें हें त्या रोगाचें मूलस्थान ठरविलें. मूलस्थान ठरलें म्हणजे तेथें उपाय व्हावयाचा, असें सरळ न्यायानें वाटेल. झाला तो वाटेवर. तांबड्या समुद्रांतील कामरान बेटावर १८८२ पासून यात्रेकरूंस अडकवून ठेवूं लागले, व त्या ठाण्यासाठीं पट्टी यात्रेकरूंकडूनच घेतली जाई. कॉन्स्टँटिनोपलच्या आरोग्यमंडळांत युरोपीय राष्ट्रांचे प्रतिनिधी बसत. त्याचें उत्पन्न जहाजांवरील कराचें. म्हणजे पट्टी हिंदी यात्रेकरूनें द्यावी आणि निर्धास्त मार्सेलिसनें राहावें!

सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनीं प्लेग ओळखला. तें नांव उच्चारण्यास सरकारी वर्तुळांत प्रथम संकोच होता. त्यास केवळ अज्ञान म्हणणें मला पटत नाहीं. प्लेग म्हटलें कीं परदेशचीं बंदरें मुंबईच्या मालास अडविणार, हें उघड होतें. आणि झालेंही तसेंच. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला, त्याच महिन्यांत व्हेनिसची परिषद बसली, त्याच वर्षीं हिंदुस्थानांतून हजला जाणें बंद करण्यांत आलें. या तीन गोष्टी शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे झडत्यांतील घाई केवळ स्थानिक अधिकाऱ्यांच्या स्वभावाची नव्हती, हें ध्यानांत येईल. परदेशीं दाखविण्यास कांहीं तरी कडक कृत्य हवें होतें. सोजिरांचें वर्तन त्यामुळें क्षम्य ठरत नाहीं, हें सांगणें नको.

१९ मार्च रोजीं करार झाला. प्लेगाची वर्दी इतर राष्ट्रांस तारेनें द्यावी. चिंध्या, वापरलेले कपडे, अंथरुणें असा माल अडविण्याची मुभा असावी. बाकीच्या व्यापाराची वाट मोकळी राहावी, असें ठरलें. सरसकट बंदीपेक्षां हें बरें, यांत शंका नाहीं. मात्र वर्दी देणाऱ्या शहरास रोगनिवारणासाठीं एक पैही देण्याची तरतूद त्यांत नव्हती. त्याच हिवाळ्यांत ग्रँट मेडिकल कॉलेजांत हाफकिन यांनीं एक कारकून व तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर प्लेगाची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्या कामीं राष्ट्रसमूहाची कवडी नव्हती.

पुढें १९०७ च्या रोम येथील करारानें पॅरिसांत आंतरराष्ट्रीय आरोग्य कचेरी निघाली. वर्षाचा दीड लक्ष फ्रँकांचा खर्च राष्ट्रांनीं वर्गणीनें भागवावयाचा. काम मुख्यतः माहिती जमवून छापण्याचें. राष्ट्रसंघानें मार्च १९२५ मध्यें सिंगापूर येथें उघडलेलें ठाणें मला त्याहून मोलाचें वाटतें. पूर्वेकडील बंदरांच्या तारा तेथें येत, व दर आठवड्यास साऱ्यांचें वर्तमान बिनतारी यंत्रानें सर्वांस कळे. वर्दी देणारासही शेजाऱ्याची वर्दी मिळूं लागली, ही नवी गोष्ट. आरंभींचा पैसा मुख्यत्वें अमेरिकेंतील रॉकफेलर संस्थेचा होता. १९४२ सालीं सिंगापूर जपानच्या हातीं पडलें आणि तें ठाणें संपलें.

१९९४ सालीं सुरतेस प्लेगाची वार्ता उठतांच कित्येक देशांनीं विमानें व माल अडविला. करार होते, तरीही. जागतिक बँकेनें २०१७ मध्यें साथींसाठीं रोखे काढले. त्यांची अट अशी कीं, इबोलाचे ठरावीक मृत्यू दुसऱ्या देशांत झाल्याखेरीज त्या रोख्यांतील पैसा सुटावयाचा नाहीं. २०१८ पासून काँगो दोन वर्षें इबोलानें पोळला, पण रोग सीमेपलीकडे फारसा गेला नाहीं, म्हणून त्या रोख्यांतून त्यास कांहीं मिळालें नाहीं. कामरानचा हिशेब ज्यानें पाहिला आहे, त्यास ही अट ओळखीची वाटेल. २०२२ मध्यें त्याच बँकेंत साथनिधि स्थापन झाला. मे २०२५ मध्यें जिनिव्हा येथें नवा करार संमत झाला. जंतूंचे नमुने देणाऱ्या देशांस लसींत वाटा कसा मिळावा, हें परिशिष्ट मात्र पुढील वाटाघाटींवर सोडण्यांत आलें.