धुतलेल्या पंपाचा इतिहास

पुणे-नाशिक रस्त्याने खेड मागे टाकून घाट चढला की आंबेगाव तालुक्यातले पेठ गाव येते. पेठ, कुरवंडी, कोल्हारवाडी, भावडी, कारेगाव, थुगाव आणि पारगाव तर्फे खेड या गावांचा मिळून जो उंच पट्टा होतो, त्याला सातगाव पठार म्हणतात. देशात बहुतेक ठिकाणी बटाटा थंडीत घेतात. इथे तो पावसाळ्यात घेतात. मंचरच्या बाजारात पंजाबचे बियाणे उतरते, जून-जुलैत लागवड होते आणि सप्टेंबरपासून काढणी सुरू होते. या पिकाचा इतिहास सांगताना बियाणे, भाव, वेफर्स कंपन्यांचे करार आणि पावसाचा लहरीपणा हे सगळे येते. येत नाही ते संध्याकाळी बांधावर होणारे एक काम: फवारणीचा पंप धुणे. पावसाळी बटाटा ज्या फवारणीवर तगला, ती फवारणी पंपाच्या निगेवर तगली आहे. या निगेला शेतीच्या इतिहासात जागा मिळाली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

पठारावर ही गरज तीव्र का, हे हवामान सांगते. ढगाळ दिवस, झिमझिम पाऊस, गार रात्री आणि सकाळपर्यंत ओली राहणारी पाने, हे सगळे उशिरा येणाऱ्या करप्याला मानवते. 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडवून दुष्काळ आणणारा रोग हाच. त्यावरचा पहिला भरवशाचा उपाय मात्र बटाट्याच्या शेतातून आला नाही, तो द्राक्षांच्या मळ्यातून आला. फ्रान्समधल्या बोर्दो परिसरात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरट्यांना रोखण्यासाठी मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या वेलींवर केवडा कमी पडतो, हे प्राध्यापक मिलार्दे यांनी 1882 मध्ये हेरले आणि 1885 मध्ये त्याची कृती प्रसिद्ध केली. तेच बोर्डो मिश्रण. पुढे ते बटाट्याच्या करप्यावरही लागू पडले. जुन्नरच्या द्राक्षबागांत आणि नारायणगावच्या टोमॅटोच्या पट्ट्यात मोरचूद-चुन्याचे हे निळे पाणी आजही अनोळखी नाही.

हे मिश्रण जवळून पाहिले की पंपाची निगा का लागते ते कळते. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना लागतो. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून, फडक्यातून गाळून मग एकत्र करतात. भांडे लोखंडाचे चालत नाही, कारण मोरचुदातले तांबे लोखंडावर बसते आणि लोखंड खाल्ले जाते. मिश्रणाची परीक्षाही याच गुणावर होते: लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून काढायचा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असे समजायचे. म्हणूनच जुने पंप पितळेचे असत. पण पितळही चुन्यापुढे हतबल ठरते. मिश्रणातला निळा साका तळाशी बसतो, नोझलच्या बारीक भोकात अडकतो, आणि पंप रात्रभर तसाच राहिला तर हवेने चुन्याचा दगड होतो. मग सकाळी शिर्का घालून तो विरघळवत बसावे लागते. त्याच दिवशी दोन-तीन पाण्यांनी पंप धुणे ही या औषधाची मूळ अटच होती. चामड्याचे वायसर वाळून आकसले की पंपात दाब धरत नसे. त्यांना तेल पाजून मऊ ठेवणे हाही त्याच अटीचा भाग.

हा प्रश्न फक्त शेतीचा नाही. अमेरिकेत टोलेडो शहरातल्या ॲलन डेव्हिलबिस या डॉक्टरने 1888 च्या सुमारास घशात औषध मारण्यासाठी फवारा केला. पुढे त्याच घराण्याच्या कारखान्यातून रंगाऱ्याची स्प्रे-गन निघाली, आणि आज ब्यूटी पार्लरमध्ये अंगाला तांबूस झाक देणारी गनही याच जातीची आहे. घशाचे औषध, मोटारीचा रंग, कातडीचा रंग आणि बोर्डो मिश्रण यांचा एकमेकांशी संबंध नाही, पण साऱ्या फवाऱ्यांची दुखणी एकच: दाट द्रव, अरुंद तोंड आणि वाळून बसणारा थर. उपायही एकच: काम संपताच स्वच्छ पाणी खेळवणे, तोंड सोडवून मऊ ब्रशने साफ करणे, तार किंवा टाचणी कधीही न घालणे. तारेने भोकाची कड दुखावते आणि फवारा कायमचा वाकडा होतो.

पेठच्या पट्ट्यात बटाटा जुना आहे. खेड आणि जुन्नरकडच्या बटाट्याची दखल इंग्रजी राजवटीतल्या नोंदींनीही घेतली आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या बटाट्यावर केलेला अभ्यास 1920 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्याच्या सुमारास फवारणीची साधने देशातच होऊ लागली. मालाडची ॲस्पी ही कंपनी 1946 ची. पुढे मोरचूद-चुन्याच्या जोडीला मॅन्कोझेबसारख्या बुरशीनाशक भुकट्या आल्या. त्या पाण्यात विरघळत नाहीत, नुसत्या मिसळून तरंगतात. औषध बदलले तरी साका राहिला, गाळणी राहिली आणि धुणेही राहिले. पितळेच्या जागी प्लॅस्टिकची टाकी, चामड्याच्या जागी रबर, हाताच्या दांड्याच्या जागी बॅटरी आणि मोठ्या बागांत ट्रॅक्टरचा ब्लोअर आला. प्रत्येक बदलाबरोबर निगेचे स्वरूप बदलले, पण निगा टळली नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की करप्याला रोखले ते वाणांनी आणि औषधांनी, पंपाच्या धुण्याने नव्हे. यात तथ्य आहे. 1968 मध्ये प्रसारित झालेला कुफरी ज्योती हा वाण करप्याला तोंड देणारा म्हणून आला. पण बुरशी बदलत गेली, त्या वाणाची ताकद ओसरली आणि भार पुन्हा फवारणीवर आला. औषधाचे म्हणाल तर डब्यावरचे प्रमाण पानापर्यंत पोचवते ते नोझल. ठरलेल्या दाबाला नव्या नोझलपेक्षा दहा टक्के जास्त पाणी जाऊ लागले की ते नोझल बदलावे, असा नियम आहे. पितळेचे नोझल भुकटीच्या घर्षणाने लवकर झिजते. झिजलेल्या नोझलमधून एका सरीला औषध जास्त जाते आणि अर्धवट तुंबलेल्या नोझलमधून पुढच्या सरीला कमी. करपा त्या पुढच्या सरीतून शिरतो. शिवाय तणनाशक मारलेला पंप नीट न धुता बटाट्यात किंवा टोमॅटोत नेला तर 2,4-डीच्या उरलेल्या अंशानेही पाने आकसतात. अशा वेळी औषध उत्तम असूनही नुकसान होते, आणि ते निव्वळ निगेच्या अभावाने.

दुसरा आक्षेप नव्या यंत्रांचा आहे: आता ड्रोन आले, मग या जुन्या कामाचे कौतुक कशाला? ड्रोन एका एकराला साधारण दहा लिटर पाण्यात काम उरकतो. म्हणजे औषध अधिक घट्ट आणि थेंब अधिक बारीक. एक नोझल तुंबले तर पाठीवरच्या पंपाच्या गड्याला ते लगेच दिसते. उंचावरून जाणाऱ्या यंत्रात ते पट्टा सुटल्यावर कळते. यंत्र जितके वेगवान, तितकी आधीची स्वच्छता मोलाची.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो मान्य करूनच पुढे जावे लागते. पंप धुणे म्हणजे अनेकदा विषाचे पाणी ओढ्यात किंवा विहिरीच्या काठी सोडणे. 1971 च्या कीटकनाशक नियमांतल्या चव्वेचाळिसाव्या नियमात रिकामी भांडी आणि उरलेल्या औषधाबरोबर धुण्याच्या पाण्याचाही उल्लेख आहे. पाणी प्रदूषित होणार नाही अशी विल्हेवाट लावणे हे कर्तव्य ठरवले आहे. कायद्याने पन्नास वर्षांपूर्वी ओळखलेले हे काम आपल्या शेतीच्या हिशोबात मात्र आले नाही. उपाय अवघड नाही: थोडे पाणी घालून तीनदा खळखळायचे आणि ते पाणी त्याच पिकावर फवारून टाकायचे. त्यामुळे धुण्याच्या विरोधात जाणारा हा मुद्दा खरे तर धुण्याची जागा आणि रीत ठरवण्याचा आग्रह धरतो.

शेवटी हे काम कोण करते, हा प्रश्न उरतो. फवारणीची मजुरी टाक्यांवर किंवा दिवसावर ठरते. पंप धुणे त्यात धरले जातेच असे नाही. ते घरच्या बायकांकडे किंवा दमलेल्या गड्याकडे येते, आणि तुंबलेले नोझल तोंडाने फुंकण्याची घातक सवय अजून गेलेली नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेला उंच वाढलेली कपाशी, औषधांची सरमिसळ, संरक्षक साधनांचा अभाव अशी अनेक कारणे होती. पण पाठीवर गळणारा पंप हा विष अंगात जाण्याचा एक सरळ रस्ता आहे, यात शंका नाही. तेव्हा पेठपासून जुन्नरपर्यंतच्या बागायतदारांना सांगणे एवढेच: पंप धुण्याचा अर्धा तास मजुरीत धरा, तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, आणि धुण्याची जागा विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब करा.