शिळांखालचे निनावी

दोहाच्या वेस्ट बेमधून, मुलाच्या घरून, मी हे भाषण ध्वनिमुद्रित करून पाठवीत आहे. येथून उत्तरेस उम्म सलाल अली येथे प्राचीन थडग्यांचे दगडी ढिगारे आहेत. मृतासाठी दगड रचण्याची रीत दूरदूरच्या देशांत आढळते. कोरियात आधारशिळांवर प्रचंड शिळा टेकविलेली हजारो थडगी आहेत; त्यांपैकी गोचांग, ह्वासुन व गांगह्वा येथील स्थळे २००० साली जागतिक वारसा ठरली.

आपल्या महाराष्ट्रात नागपूरजवळ जुनापाणी येथे सुमारे ३०० शिलावर्तुळे आहेत. विदर्भातील अशा लोहयुगीन थडग्यांत मृताबरोबर मातीची भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, कट्यारी, कुठे घोड्याचा लगामही पुरलेला सापडतो. एवढी माया करणाऱ्यांनी मृताचे नाव मात्र मागे ठेवले नाही.

मी परिचारिका होते. बेवारस मृताचा देहही आम्ही स्वच्छ करून, मनगटाला चिठ्ठी बांधूनच पाठवीत असू. नाव नसले, तर चिठ्ठीवर केवळ क्रमांक असे.

नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून बुडालेल्या आपल्या पूर्वजांना तेथेच पुरले, अशी आपली परंपरा आहे. त्यांचीही नावे आपणांस ठाऊक नाहीत. तरीही आपण त्यांना आपले म्हणतो. जुनापाणीच्या मृतांना तसे म्हणणारे आज कोणी उरले नाही. म्हणून नातवंडांना एकदा तरी नवगावला न्यावे आणि तेथे कोण निजले आहेत, ते सांगावे.