साउंड बॉक्सखाली रबर पाय लावताय? आधी बॉक्स काट्यावर ठेवा

बिरसी (ता. गोंदिया) : दिवाळी आटोपली की गावोगावी मंडई भरते, रात्री दंडार नाहीतर नाटक होते आणि मागोमाग लग्नसराई लागते. साउंडवाल्यांचे बॉक्स तेव्हा रिकामे बसत नाहीत. घराघरांत होम थिएटर आहेच. ढोलकीचा ठोका पडला की फडताळातली भांडी वाजतात, टीव्हीचे टेबल थरथरते, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारच्या घरात झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या खाटेपर्यंत घरघर पोहोचते. यावर उपाय म्हणून बॉक्सखाली रबराचे पाय किंवा पॅड लावले जातात. दुकानात ते साध्या वॉशरपासून महागड्या जोडीपर्यंत मिळतात. मात्र वजन न बघता घेतलेले पाय काही वेळा थरथर कमी करायची सोडून वाढवतात.

पाय नेमके काय करतात, हे आधी समजून घ्यायला हवे. स्पीकरचा पडदा पुढे-मागे हलतो, त्याचा धक्का पेटीला बसतो आणि पेटीतून फरशीत, टेबलात, भिंतीत उतरतो. पाय अडवतात ते एवढेच. हवेतून जाणारा आवाज त्यांना अडत नाही. बिरसी विमानतळावरून प्रशिक्षणाचे विमान उडाले की खिडकीची काच वाजते, तिथे जमिनीत रबर घालून काही होत नाही, तसेच हे. टिनाचे पत्रे बॉक्सच्या आवाजाने वाजत असतील तर पत्र्याचे हुक आवळा आणि आवाज कमी करा, रबरावर पैसे घालू नका.

वजनाचा हिशेब

रबर पाय म्हणजे एक प्रकारची स्प्रिंग. वजन पडले की तो थोडा दबला पाहिजे. अजिबात दबला नाही तर तो लाकडाच्या गुटक्यासारखा धक्का सरळ खाली देतो. पूर्ण चेपला तरी तेच होते. साधारण नियम असा, की भरीव रबर आपल्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतका, फार तर पंधरा टक्के दबावा. २५ मिलिमीटर जाडीचा पाय बॉक्स ठेवल्यावर अडीच ते साडेतीन मिलिमीटर खाली गेला तर निवड बरोबर. बॉक्स ठेवण्याआधी आणि ठेवल्यावर एक दिवसाने शाळेच्या पट्टीने मोजले तरी कळते.

हा दाब एवढा महत्त्वाचा का? प्रत्येक स्प्रिंगची स्वतःची झुलायची एक गती असते. पाय एक मिलिमीटर दबला तर ती सेकंदाला सुमारे १६ हेलकावे, म्हणजे १६ हर्ट्झ. अडीच मिलिमीटर दबला तर १० हर्ट्झ. पाव मिलिमीटरच दबला तर ३२ हर्ट्झ. प्रत्यक्षात रबर जरा ताठ वागतो, त्यामुळे आकडे याहून थोडे वरच निघतात. मोठ्या बॉक्सचा बेस बहुतेक ४० ते ६० हर्ट्झच्या आसपास ठोकतो. पायाच्या गतीच्या दीडपटीच्या वर गेल्यावरच धक्का अडायला लागतो, आणि तिप्पट अंतर असेल तर चांगला अडतो. दोन्ही गती जवळ आल्या तर पाळण्याला वेळेवर झोका दिल्यासारखे होते, पेटी जास्तच हलते. कडक रबराने बॉक्स नाचायला लागला, ही तक्रार यातूनच येते.

म्हणून खरेदीआधी बॉक्स काट्यावर ठेवा. धान मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा गावात कुठे ना कुठे असतोच. समजा बॉक्स २४ किलोचा निघाला, पाय चार, तर एका पायावर ६ किलो. पण स्पीकरचे चुंबक पुढच्या बाजूला असते, त्यामुळे पुढचे पाय जास्त ओझे उचलतात. बॉक्सची पुढची कड काट्यावर आणि मागची कड तेवढ्याच उंचीच्या विटेवर ठेवून वजन घ्या, मग उलट करा. पुढे १५ आणि मागे ९ किलो आले तर पुढच्या दोन पायांवर साडेसात-साडेसात आणि मागच्यांवर साडेचार-साडेचार. दुकानदाराला "बॉक्सचे पाय द्या" एवढेच म्हणू नका. एका पायावर किती किलो येणार ते सांगा आणि पायाची भार-मर्यादा विचारा. सात किलोच्या जागी पन्नास किलोचा मशीनचा पाय मजबूत दिसतो, पण तिथे तो दगडच.

कोणता रबर

रबराचा कडकपणा 'शोर ए' मापात सांगतात. खोडरबर साधारण ४०, गाडीच्या टायरचा वरचा थर ६० ते ७०. घरच्या बॉक्सला खोडरबराच्या जवळचा कडकपणा बरा पडतो. गोंदिया भागात राइस मिलचे जुने रबर रोल सहज मिळतात, फुकटातही. पण धान सोलायचा तो रबर ८५-९० च्या घरातला. त्याचा तुकडा बॉक्स घसरू देणार नाही, थरथर मात्र रोखणार नाही. आकारानेही फरक पडतो. रबर दबताना बाजूला फुगतो, त्याला फुगायला जागा लागते. म्हणून रुंद आणि पातळ चकती कडक वागते, तर त्याच रबराचा अरुंद, जाड किंवा खाचा असलेला पाय नरम वागतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात साधा रबर उन्हात तडकतो. बाहेर वापरायच्या बॉक्सला ईपीडीएम रबर टिकतो. स्वस्त फोम वर्ष-दोन वर्षांत भुगा होतो, आणि उंदीर त्याला सोडत नाहीत ते वेगळेच. काही मऊ रबर पॉलिश केलेल्या टेबलावर तेलकट डाग पाडतात, खाली पातळ टाइल ठेवली की काम भागते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाय रुततात, तिथे आधी फरशीचा तुकडा किंवा फळी घाला. लोखंडी टोकदार पाय, ज्यांना स्पाइक म्हणतात, ते बॉक्स एका जागी घट्ट धरतात. थरथर अडवणे हे त्यांचे काम नाही.

लावतानाही लक्ष हवे. स्क्रू पायाच्या आत बुडालेला असावा. त्याचे डोके फरशीला टेकले तर रबर असून नसल्यासारखा. बॉक्सची मागची बाजू भिंतीला चिकटली, तरी धक्का तिथूनच शेजाऱ्याकडे जातो. चार बोटे जागा सोडा.

एकावर एक बॉक्स रचायचे असतील तर मधे मऊ पाय घालूच नका. रचना डुलते, आणि खाली लेकरे नाचत असतात. तिथे पातळ, न घसरणारी रबर शीट आणि वरून घट्ट आवळलेला बेल्ट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर तर बेल्टाशिवाय बॉक्स नेऊच नये.

नाटकाचा मंच फळ्यांचा असेल तर बेसचे बॉक्स मंचावर न ठेवता खाली जमिनीवर ठेवणे सगळ्यात बरे. फळीतून आलेला धक्का माइकच्या स्टँडमध्ये चढतो आणि घुमणारी शिटी सुरू होते. जागाच नसेल तर माइकच्या स्टँडखाली जाड रबर घाला.

अॅम्प्लिफायरचे पाय मुख्यतः हवेसाठी असतात. खाली मोकळी जागा राहिली की तो तापत नाही, म्हणून त्याला सतरंजीवर बसवू नये. त्यातला ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झने गुंगुं करतो. टेबल त्या गुंगुंने वाजत असेल तर मऊ पाय कामी येतात. पण गुंगुं स्पीकरमधूनच येत असेल तर अर्थिंग आणि वायरिंग तपासा. महाग पायांनी अॅम्प्लिफायरचा आवाज 'गोड' होतो या बोलण्यावर पैसे घालवू नका. जुना रेकॉर्ड प्लेअर मात्र वेगळा. त्याची सुई थरथरच वाचते, म्हणून त्याला चांगले पाय खरोखर लागतात.

चांगले पाय लावले म्हणून कायद्याची वेळ बदलत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. शासन ठरवते त्या मोजक्या दिवशी १२ पर्यंत सूट मिळते. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.

पाय बसवल्यावर तपासणी सोपी आहे. पाण्याने भरलेला स्टीलचा गिलास बॉक्सजवळ फरशीवर ठेवा, तेच गाणे तेवढ्याच आवाजात एकदा पायांशिवाय आणि एकदा पाय लावून वाजवा, आणि पाण्यावरच्या लहरी बघा.