मॉरिशसची वर्षाआड सुट्टी

मॉरिशसच्या सरकारी सुट्ट्यांमध्ये ख्रिस्ती सण मोजकेच आहेत. नाताळ दरवर्षी असतो. त्याखेरीज सम वर्षी 15 ऑगस्टला मरियामातेला सदेह स्वर्गात नेल्याचा सण आणि विषम वर्षी 1 नोव्हेंबरला सर्व संतांचा सण, म्हणजे तिथल्या लोकांचा ‘तूसाँ’. गुड फ्रायडेला मात्र सुट्टी नाही. 1810 ते 1968 इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या बेटाबद्दल हे नवल वाटते, कारण भारत, श्रीलंका, जमैका या त्यांच्या इतर मुलखांत गुड फ्रायडे टिकला. या यादीचे कूळ इंग्रजांच्या आधीच्या अमलात शोधावे लागते.

डच इथे 1638 ते 1710 होते, पण ते कॅल्व्हिनपंथी. संतांचे सण त्यांच्या धर्मात बसत नव्हते. 1715 मध्ये फ्रेंचांनी बेट घेतले. 1723 च्या राजाज्ञेने गुलामांचा बाप्तिस्मा सक्तीचा केला आणि रविवारी व सणाच्या दिवशी त्यांना राबवायला बंदी घातली. सुट्टी आली ती अशी, मालकाच्या धर्माचा हुकूम म्हणून. पुढे 1802 मध्ये नेपोलियनच्या राज्यात आठवड्यातल्या वारी पाळायचे सण चारच उरले: नाताळ, येशूचे स्वर्गारोहण, 15 ऑगस्ट आणि 1 नोव्हेंबर. मॉरिशसचे तिन्ही सण याच चारांतले आहेत, आणि फ्रान्सकडेच राहिलेल्या शेजारच्या रेयुनियोंमध्ये आजही हे चारही पाळतात. इंग्रजांनी 1810 च्या तहात रहिवाशांचा धर्म, कायदे आणि रीतिरिवाज राखण्याचे कबूल केले, त्यामुळे हा फ्रेंच ठसा पुसला गेला नाही.

कोणी म्हणेल, सेशेल्सही फ्रेंचांकडूनच इंग्रजांकडे गेले, तरी तिथे गुड फ्रायडेची सुट्टी आहे. खरे आहे; पण तिथे कॅथलिक बहुसंख्य आहेत. मॉरिशसमध्ये 1834 पासून भारतीय गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजूर येत गेले, आणि आज कॅथलिक लोकसंख्येचा सुमारे चौथा हिस्सा आहेत. सुट्ट्यांच्या यादीत जागा थोडी म्हटल्यावर लोकांच्या अंगवळणी पडलेले तेवढेच उरते. 1835 मध्ये गुलामगिरी संपली, 1841 मध्ये आलेले फादर लाव्हाल मुक्त झालेल्यांमध्ये राहून त्यांच्याच क्रिओल बोलीत धर्म शिकवू लागले, आणि हुकमाचा धर्म त्यांचा स्वतःचा झाला. तूसाँला थडगी स्वच्छ करून फुले वाहण्याची रीत घराघरांतून चालत आली.

मग सुट्टी वर्षाआड का? हिंदूंना पाच दिवस आणि कॅथलिकांना दोनच, हा अन्याय नाही का? आकड्याने तसे दिसते. पण महाशिवरात्र आणि दिवाळी सोडली तर थैपुसम कावडी तमिळांची, उगादी तेलुगूंची आणि गणेश चतुर्थी मराठी मॉरिशसवासीयांची आहे. मुसलमानांना ईद आणि चिन्यांना वसंतोत्सव असा एकेकच दिवस मिळतो. आपले सगळे सण या यादीत कोणालाच मिळालेले नाहीत. दोहोंपैकी एक सण कायमचा सोडा, असे कॅथलिकांना सांगण्यापेक्षा आळीपाळी बरी. चर्च दोन्ही सण दरवर्षी पाळतेच. सरकार वाटते ती फक्त कामातून मोकळीक. शिवाय 2 नोव्हेंबरला गिरमिटियांच्या आगमनाची सुट्टी असते, म्हणून विषम वर्षी दोन समाजांचे पूर्वजस्मरण पाठोपाठ येते. 1723 चा हुकूम आज वाटा झाला आहे, आणि वाटा म्हटला की तो मोजूनच पदरी पडतो.