प्रोटिअसोम रोधके

पेशीतील प्रथिने मोडून काढणाऱ्या प्रोटिअसोम या यंत्रणेला अटकाव करणारी कर्करोगविरोधी औषधे. बोर्टेझोमिब, कारफिल्झोमिब आणि इक्साझोमिब ही या गटातील प्रमुख औषधे असून त्यांचा मुख्य उपयोग मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगावर होतो. बोर्टेझोमिब मँटल सेल लिंफोमावरही वापरतात.

प्रथिनांचा ऱ्हास : काम संपलेल्या किंवा चुकीची घडी पडलेल्या प्रथिनाला पेशी ७६ ॲमिनो आम्लांच्या यूबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण जोडते. ई१, ई२ आणि ई३ ही एन्झाइमे हे काम टप्प्याटप्प्याने करतात. खूण कोणत्या प्रथिनाला लागायची, हे ई३ ठरवते. मानवी पेशीत त्याचे सुमारे ६०० प्रकार आहेत. यूबिक्विटिनची साखळी लागलेले प्रथिन प्रोटिअसोममध्ये ओढले जाते. प्रोटिअसोमचा गाभा पोकळ नळकांड्यासारखा असतो. त्यात एकावर एक अशी चार कडी असून प्रत्येक कड्यात सात घटक असतात. प्रथिनांचे तुकडे होतात ते आतल्या दोन कड्यांत. हैफाच्या टेक्निऑन संस्थेतील ॲव्हराम हेर्श्को व ॲरन चिएखानोव्हर आणि अमेरिकी शास्त्रज्ञ अर्विन रोझ यांना यूबिक्विटिनच्या या कार्याच्या शोधाबद्दल २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे निर्णायक प्रयोग सशाच्या अपक्व तांबड्या रक्तपेशींच्या अर्कावर झाले होते.

कार्यपद्धती : प्लाझ्मा पेशींचे कामच प्रतिपिंडे बनवणे. मायलोमाची पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड प्रचंड प्रमाणात बनवत राहते, त्यामुळे बिघडलेल्या प्रथिनांचा निचरा तिला सतत करावा लागतो. प्रोटिअसोम थांबला की ही प्रथिने साचतात, पेशीवर असह्य ताण येतो आणि ती स्वतःच्या मृत्यूची प्रक्रिया सुरू करते. शिवाय पेशीला तगून राहण्याचा संदेश देणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या घटकाला बांधून ठेवणारे प्रथिनही मोडले जात नाही आणि तो संदेश मंदावतो. निरोगी पेशींवर हा भार कमी असल्याने त्या हा आघात तुलनेने सोसतात.

औषधे : हार्वर्डमधील आल्फ्रेड गोल्डबर्ग यांनी स्थापनेत पुढाकार घेतलेल्या कंपनीचा मूळ हेतू आजारपणात होणारी स्नायूंची झीज रोखणे हा होता. तेथेच रसायनशास्त्रज्ञ ज्युलियन ॲडम्स यांच्या गटाने १९९५ मध्ये बोर्टेझोमिब तयार केले. त्यातील बोरॉनचा अणू प्रोटिअसोमच्या कापणाऱ्या जागेला जखडतो. ही पकड कालांतराने सुटते. इतर उपचार निष्फळ ठरलेल्या रुग्णांच्या चाचणीत सुमारे ३५ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला आणि मे २००३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. कायमची पकड घेणारे कारफिल्झोमिब २०१२ मध्ये, तर तोंडाने घेता येणारे इक्साझोमिब २०१५ मध्ये आले.

दुष्परिणाम : बोर्टेझोमिबमुळे हातापायांना मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, बधिरपणा येतो. शिरेऐवजी त्वचेखाली इंजेक्शन दिल्यास हा त्रास कमी होतो, म्हणून आता तीच पद्धत रूढ आहे. प्लेटलेट घटतात, नागीण उठण्याचा धोका असल्याने प्रतिबंधक औषध सोबत देतात. ग्रीन टीमधील एक घटक बोरॉनला चिकटून औषध निष्प्रभ करतो, असे प्रयोगशाळेत व उंदरांवर दिसले आहे. त्यामुळे उपचारकाळात ग्रीन टीचा अर्क टाळण्यास सांगतात.

निवडक ऱ्हास : पूर्ण यंत्रणा बंद पाडण्याऐवजी घातक प्रथिनच तिच्या हवाली करणे, ही पुढची दिशा. थॅलिडोमाइड हे औषध सेरेब्लॉन या ई३ घटकाला चिकटते, हे जपानी संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले. त्याच कुळातील लेनालिडोमाइड सेरेब्लॉनकरवी मायलोमाला आवश्यक असलेल्या दोन प्रथिनांचा नाश करते, हे पुढे सिद्ध झाले. एका टोकाने लक्ष्य-प्रथिनाला आणि दुसऱ्या टोकाने ई३ ला धरणाऱ्या ‘प्रोटॅक’ रेणूंची कल्पना क्रेग क्रूज व रेमंड डेशाइज यांनी २००१ मध्ये मांडली. २०१९ मध्ये असे रेणू रुग्णांवरील चाचण्यांत दाखल झाले. नेहमीच्या औषधाला प्रथिनाचे कार्य रोखणारी नेमकी खाच लागते, प्रोटॅकला नुसती पकड पुरते. म्हणूनच आजवर औषधाच्या आवाक्याबाहेर मानलेल्या प्रथिनांवरील उपचारांची खरी आशा या मार्गात आहे. मात्र ६०० पैकी मोजक्याच ई३ चा, मुख्यतः सेरेब्लॉन आणि व्हीएचएल यांचा, वापर आजवर साधला आहे. विशिष्ट अवयवात किंवा अर्बुदातच आढळणारे ई३ हाती आले, तर निरोगी पेशींना धक्का न लावता उपचार करणे शक्य होईल.