चाकाची निगा : धावेपासून रंगापर्यंत



वाळूज म्हटले की आज कारखाने डोळ्यांपुढे येतात. १९८५ साली इथे बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला आणि दुचाकी, तिचाकी गाड्या या माळावरून देशभर धावू लागल्या. पण या मुलखातली चाकाची कथा याहून किती जुनी आहे, ठाऊक आहे का?

वाळूजहून नगरच्या रस्त्याने निघालात की कायगाव टोक्याला गोदावरी लागते. तिथे प्रवरा तिला मिळते. त्याच प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. १९७४ साली तिथल्या जमिनीत काशाची चार शिल्पे सापडली : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. रथ सुमारे ४५ सेंटीमीटर लांब, आणि त्याची चाके भरीव. काळाबद्दल विद्वानांत वाद आहे. पण हजारो वर्षांपूर्वी इथल्या माणसाला चाक चांगले ओळखीचे होते, यात शंका नाही.

पुढे भरीव चाक गेले, आऱ्यांचे आले. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, भोवती पुठ्ठे, आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव बसवणे हे सुताराचे आणि लोहाराचे एकत्र काम. धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल तापवायची, म्हणजे ती फुगते. मग चिमट्यांनी उचलून चाकावर घालायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसले की आरे, पुठ्ठे असे घट्ट बसतात की खिळ्याची गरज उरत नाही. मास्तर, उष्णतेने धातू प्रसरण पावतो हा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर सांगा!

उन्हाळ्यात लाकूड वाळून धाव सैल होई. मग शेतकरी चाके ओढ्याच्या पाण्यात भिजत टाकी. वंगण वेळेवर घाली. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवताना गाडीलाही तेलपाणी होई. थोडक्यात, चाकाची निगा घरच्या घरीच होत असे.

लोखंडी धाव रस्ता मात्र कापून काढी. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर केला. त्यांच्याही आधी, १८४५ साली, टॉमसन यांनी तशा चाकाचे पेटंट घेतले होते. पण ते चालले नाही. आपल्याकडे टायरच्या बैलगाडीला लोक ‘डनलॉप’च म्हणू लागले. मोटारीबरोबर पोलादी चाक आले, नंतर ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचे आले. लाकडाचा शत्रू वाळवी, तर पोलादाचा गंज. म्हणून रंग आला. हा रंग शोभेसाठी नव्हे, बरं का, तो चाकाचे चिलखत आहे. पूर्वी लोखंडाला पहिला हात शेंदराचा देत. शेंदूर म्हणजे शिशाचा लाल ऑक्साइड. गंजाला तो रोखतो, पण माणसाला विषारी. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे २०१७ पासून कडक मर्यादा आहे. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका; पाणी लावून घासा, नाकातोंडाला बारीक धूळ अडवणारा मास्क लावा आणि मुलांना दूर ठेवा.

आता घरी चाक रंगवायचे असेल तर क्रम असा. चाक काढण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करून बाकीच्या चाकांना दगडाची ओट लावा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका. चाक धुऊन चिकट वंगण काढा. आधी जाड, मग बारीक पॉलिशपेपरने गंज घासा. टायर कागदाने झाका. प्रायमरचा हात द्या. ॲल्युमिनिअमला त्याचा वेगळा प्रायमर लागतो. मग रंगाचे पातळ हात द्या आणि दोन हातांमध्ये वाळायला वेळ ठेवा. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात आणि पापुद्रा सुटतो.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. जिथे नट बसतात आणि जिथे चाक हबला टेकते, तिथे रंगाचा थर नको. तो थर पुढे दबतो, नट सैल होतात आणि भर रस्त्यात चाक निखळू शकते. नट समोरासमोरचे घेत आवळा आणि थोडे अंतर चालवून पुन्हा तपासा. दुसरी गोष्ट, रंगाने तडा झाकतो, बुजत नाही. चाकाला तडा असेल, कड वाकली असेल, तर रंगाचा डबा बाजूला ठेवा आणि जाणत्या कारागिराला दाखवा.

जुना सुतार गाडीचे चाक आधी हातोडीने वाजवून पाही. आवाज बद्द आला तर तो चाकाला हात लावण्यापूर्वी दोष शोधी. चाक लाकडाचे असो की धातूचे, त्याच्यावर घरच्या माणसांचा जीव अवलंबून असतो. म्हणून आधी पारख आणि मग रंग, हाच क्रम आपणही ठेवावा.